तुमच्यात कसं करतात?

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त त्रास भटजींना झाला, आणि तो बाईंनी दिला. अर्धापूरच्या मंगल कार्यालयात सप्तपदी चालू होती. व्हिडिओवाला "थांबा, थांबा, परत एकदा" करत मधे मधे येत होता, आणि बाई पहिल्या रांगेतली मानाची खुर्ची सोडून थेट होमापाशी येऊन उकिडव्या बसल्या होत्या. हातात वही. भटजी पुढच्या विधीला लागले तशा त्या म्हणाल्या, "गुरुजी, पावलं चारच झाली."

भटजी हसून म्हणाले, "झाली हो सगळी."

"न्हाई. मी मोजून राहिले ना. चार. पाचव्याला हा क्यामेरावाला आडवा आला."

मांडवात हशा पिकला. माझा थोरला भाऊ, दादा, त्यांना हाताला धरून जेवायला घेऊन गेला. बाईंनी पाचवं पाऊल टाकायला लावलं नाही. त्यांनी फक्त वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी पुढे कितीतरी दिवसांनी वाचलं: "अर्धापूर. शेतकरी कुटुंब. सात पावलं म्हणतात, चार चालतात. लग्न लागलं असं सगळे मानतात. कागद कुणी मागत नाही."

बाई म्हणजे माझ्या सीनियर. नांदेडच्या कोर्टात आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही. त्याला कारण आहे आणि ते ओघात येईलच. कोर्टात वकीलबायांना मॅडम म्हणायची पद्धत, पण यांना पट्टेवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे बाईच म्हणायचे. उंच, काटकुळा बांधा. काळा कोट कोपरावर फाटलेला आणि त्याला आतून जांभळ्या खणाचं ठिगळ. बारा महिने हातात पुरुषी छत्री. शाळकरी पोरांची शंभर पानी वही पिशवीत कायम, आणि तोंडात कायम एकच प्रश्न: "तुमच्यात कसं करतात?"

हा प्रश्न त्या कुणालाही, कुठेही विचारायच्या. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला. दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या नर्सला. एकदा एका वकिलाच्या वडिलांच्या मयतीला आम्ही गेलो, तर तिथे त्याच्या आत्याला बाजूला घेऊन विचारत होत्या, "तुमच्यात बांगड्या कोण फोडतं? सासरचं का माहेरचं?" आत्या रडायची थांबून त्यांच्याकडे बघतच राहिली. परत येताना मी चिडून म्हटलं, "बाई, वेळकाळ बघत जा हो."

"हीच वेळ असती," बाई म्हणाल्या. "उद्या ती सांगंल ते खोटं असंल. आज आठवून राहिली ती."

रिवाजाला त्या दस्तूर म्हणायच्या. वडील निजामाच्या अमलात कचेरीत कारकून होते, त्यांच्याकडून बाई उर्दू शिकल्या होत्या. जुने सगळे जमिनीचे कागद उर्दूत, त्यामुळे आमच्या ऑफिसात सकाळपासून पिशव्या घेऊन बसलेली माणसं. पण बाईंचा जीव त्या पिशव्यांत नव्हता. त्यांचा जीव डोंगरात. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तेलंगणाला खेटून जे जंगल आहे, तिथले गोंड, आंध, कोलाम लोक हे त्यांचे पक्षकार. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. अशा कुठल्या कुठल्या पोडांवर बाई जायच्या, एसटी सोडून चार-चार कोस चालत, आणि जाऊन खाटेवर बसायच्या नाहीत. उंबऱ्यावर बसायच्या.

आता यातला कायदा सांगतो, कारण तो कळल्याशिवाय बाईंचा संताप कळायचा नाही. आपल्याकडे लग्नाचा, वारशाचा जो हिंदू कायदा आहे, तो अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांना त्यांचा रिवाज लागू. ऐकायला किती छान वाटतं. पण तो रिवाज आहे हे सिद्ध कुणी करायचं? त्यांनीच. कुणासमोर? ज्यानं आयुष्यात पोड बघितलेलं नाही अशा साहेबासमोर. कशानं? कागदानं. ज्यांच्या सात पिढ्या तोंडी चालल्या, त्यांच्याकडे मागायचा कागद, आणि तो नाही म्हणाले की लिहायचं, "अर्जदार पुरावा सादर करू शकले नाहीत." आठ वर्षं मी हे वाक्य वाचलं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

बाईंचं डोकं तर कायमचं फिरलेलं होतं. "कागद दाखव म्हणून राहिले," त्या छत्री आपटून म्हणायच्या. "ह्याच्या आज्जीच्या लग्नाचा कागद माग ना ह्याला. हाय का? मग ह्याचा बाप कुठून आला?" एका अव्वल कारकुनाला त्यांनी हे तोंडावर विचारलं होतं. तो बिचारा घाबरून खरंच घरी फोन लावायला निघाला होता.

पण कुणी असं समजू नये की बाई रिवाजाच्या भक्त होत्या. एकदा एका पोडाच्या चावडीत आम्ही बसलो होतो. तिथला नाईक, म्हणजे पोडाचा कारभारी, मोठ्या अभिमानानं सांगत होता, "आमच्यात पोरीला वावर देत न्हाईत बाई. दस्तूरच हाय."

बाईंची पेन्सिल थांबली. "दस्तूर कुणाचा?"

"आमचा. पोडाचा."

"पोडात बाया किती?"

नाईक बोटं मोजायला लागला. बाई उठल्या, चावडीतून बाहेर आल्या, आणि चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या चार बायांमध्ये जाऊन बसल्या. त्यांना विचारलं, तुमच्यात कसं करतात? एक म्हातारी म्हणाली, माझ्या सासूच्या बहिणीला बापानं झाडं दिली होती, मोहाची, आणि झाडाखालची जमीन पण तिचीच. दुसरी म्हणाली, एकटी पोर असली तर देतात. तिसरी म्हणाली, देत नाहीत, पण नाही दिलं तर भावाला पोड नावं ठेवतं. बाईंनी तीन पानं भरली. येताना नाईकाला म्हणाल्या, "चावडीतला दस्तूर अर्धा असतो. अर्धा चुलीपाशी असतो. तू मला अर्धाच सांगून राहिलास." नाईक महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

हे सगळं मी बघत होतो आणि मला त्या भन्नाट वाटायच्या. घरी येऊन बायकोला रंगवून सांगायचो. त्यांचा राग मला दुसऱ्या कुणावरचा वाटत होता, आणि ही माझी चूक पुढे मला चांगलीच नडली.

लातूरला एका सभागृहात समान नागरी कायद्यावर व्याख्यान होतं. बाईंना निमंत्रण नव्हतं, पण त्या गेल्या आणि मला ओढत घेऊन गेल्या. सभागृह भरलेलं. वक्ते मोठे तयारीचे. देशातली प्रत्येक स्त्री समान होईल, बहिणीला भावाइतका हक्क मिळेल, जुनाट रूढींच्या जोखडातून आदिवासी भगिनी मोकळ्या होतील, असं ते बोलले आणि टाळ्या पडल्या. मग कुणीतरी उठून म्हणालं, आदिवासींना यातून वगळणार असं ऐकलं. वक्ते म्हणाले, "तूर्त वगळू. हळूहळू त्यांना मुख्य प्रवाहात आणू." पुन्हा टाळ्या.

बाई उभ्या राहिल्या. माईक मागितला नाही. "मला येकच इचारायचं हाय. तूर्त वगळणार, मग आणणार. मधे त्यांना इचारणार कवा?"

वक्ते हसले. म्हणाले, "ताई, समानता कुणाला नको असते?"

"मला पायजे. लई पायजे," बाई म्हणाल्या. "म्हून तर आले. आता ह्या हालमदी बसलेल्यांना समान कायदा लागू होऊन किती वर्सं झाली, बहिणीला भावाइतका हिस्सा. हाय ना? तर ज्यांच्या ज्यांच्या बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली, त्यांनी हात वर करा."

हक्कसोडपत्र काय ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. बाप गेला की बहिणींना गाडी करून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणतात, वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा मी राजीखुशीनं भावांना सोडते असं लिहिलेल्या कागदावर सही घेतात, आणि परत जाताना साडी देतात. सही न करणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही.

एकही हात वर झाला नाही. मीही केला नाही.

बाई सावकाश चौफेर बघत होत्या. त्यांची नजर माझ्यावर आली, थोडी थांबली, आणि पुढे गेली. संयोजकांनी "वेळेअभावी" म्हणून आभार उरकले. एसटीत बसल्यावर त्यांनी डबा उघडला, मला अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मग विचारलं, "तुमच्यात बहिणीला काय देतात?"

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, "साडी."

"कसली?"

"पैठणीसारखी. दादानं नांदेडहून आणली होती. हिरवी, मोरपंखी काठ."

त्यांनी वही काढून लिहून घेतलं. गोंडांचं लिहायच्या, कोलामांचं लिहायच्या, तसंच. तोच चेहरा, तीच बुटकी पेन्सिल. मला तेव्हा राग आला. आम्ही शिकलेले लोक, केळीचे बागायतदार, बहीण उमरीला चांगल्या घरी दिलेली, तिला काही कमी नाही, तिनं हसत सही केली होती. आमची ती माया. आमचा काही दस्तूर-बिस्तूर नव्हता. असं सगळं मनात बोललो. तोंडानं फक्त म्हटलं, "चटणी छान झालीय."

बाईंनी स्वतः सही केली नव्हती. त्यांचं माहेर शिरूर अनंतपाळकडचं. लग्न केलेलं नव्हतं. तीन भावांत त्यांच्या वाट्याला वीस गुंठे आले होते, आणि ते सोडले नाहीत म्हणून भावांनी त्यांना सोडलं होतं. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्या भागात सगळं गाव वावरात जेवायला जातं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. शिवारात माणूस मावत नाही. त्या दिवशी बाई दरवर्षी आपल्या वीस गुंठ्यांत जायच्या. एका वर्षी मी बरोबर होतो. पलीकडे बोरीखाली भावांच्या घरची तीस माणसं हसत-खिदळत जेवत होती. अलीकडे बांधावर छत्री उघडून बाई आणि मी. कुणी हाक मारली नाही. बाईंनी नांदेडहून आणलेली भज्जी सगळ्या रानात थोडी थोडी शिंपडली, मग आम्ही जेवलो.

"बाई, कसायचं नाही तर ठेवता कशाला?" मी विचारलं.

"बसायला," त्या म्हणाल्या. "वर्सातून येक दिस बी बसले ना, तरी त्यांना दिसतंय की हितं कुणीतरी बसतंय." त्यांनी आंबिलीचा घोट घेतला. मी पहिल्यांदा त्यांना रडवेलं बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

आता मानकूबाईचं सांगतो. मानकूबाई त्याच नाईकाच्या पोडावरची कोलाम, पन्नाशीची. तरुणपणी तिचा पहिला नवरा तिला टाकून निघून गेला. पोडाच्या पंचांनी त्याला बोलावून त्याच्याकडून काडी मोडून घेतली आणि लग्न तुटलं. आपण मराठीत काडीमोड म्हणतो, तो त्या पोडावर खरोखर काडी मोडूनच होतो. मग पंचांनीच तिचा दुसऱ्याशी पाट लावला. त्या दुसऱ्याबरोबर तिनं वीसेक वर्षं संसार केला, डोंगराच्या उतारावरचं तीन एकर रान दोघांनी दगड वेचून कसलं. तो गेला. रानाला नाव लावायला तिनं अर्ज दिला, तर त्याच्या पुतण्यानं तलाठ्याकडे हरकत टाकली: चुलत्याला वारस मीच, ही बाई त्याची बायकोच नव्हे, पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोटाचा हुकूम हिच्याकडे नाही. नोंद वादात पडली आणि नायब तहसीलदारापुढे सुनावणी लागली. मानकूबाईकडे त्या तीन एकरांशिवाय काही नव्हतं. लेकरू नव्हतं. रान गेलं तर ती गेली.

सुनावणीच्या दिवशी बाई तापानं फणफणल्या होत्या. त्यांनी मला एकट्याला पाठवलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "आत जायच्या आगुदर तिच्यापाशी बस. इचार." मी हो म्हटलं. पण एसटी उशिरा पोचली, पुकारा झालाच होता, आणि मी धावतच आत गेलो. मानकूबाई भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

साहेबांनी फाईल चाळली आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मानकूबाई गप्प.

"नवऱ्याचं नाव काय, बाई? ज्याची जमीन मागता त्याचं."

ती जमिनीकडे बघत राहिली. पुतण्याचा वकील हसला. मला वाटलं, घाबरली, कचेरी बघून भले भले घाबरतात. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सांगा ना मावशी. नुसतं नाव तर सांगायचं. घ्या की नाव." ती माझ्याकडे बघायला लागली. काय बघितलं तिनं माझ्याकडे, ते मला त्या वेळी वाचता आलं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं पदर तोंडात धरला आणि मान हलवली. नाही.

साहेबांनी लेखनिकाला सांगितलं: "अर्जदार ही मयताचे नाव सांगू शकली नाही." मला म्हणाले, "वकीलसाहेब, सही करा." मी सही केली. आठव्या दिवशी निकाल आला, तिच्या विरुद्ध. त्यात पहिलंच कारण ते होतं. जी बाई नवऱ्याचं नाव सांगू शकत नाही, ती त्याची बायको असल्याचं मानता येत नाही.

निकाल घेऊन मी बाईंकडे गेलो. त्या उठून बसल्या, वाचला, आणि विचारलं, "तू तिला इचारलं न्हाईस?"

"वेळच नव्हता, बाई."

त्यांनी उशाशी ठेवलेल्या वह्यांतली एक काढली, पान उघडून माझ्यासमोर धरलं. त्या पोडावर नवरा गेला की त्याचे मोठे दिवस, म्हणजे त्याच्या नावानं सगळ्या पोडाला जेवण, घालतात. धान्य आणि सवड जमली की, कधी दोन वर्षांनी, कधी तीन. तोवर बायकोनं त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर तिनं त्याला सोडलं, ती त्याची कुणी राहिली नाही, असा अर्थ.

"तू तिला नाव घ्यायला सांगितलंस," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "भर कचेरीत, त्या पुतण्यादेखत, तू तिला नवरा सोडायला सांगितलंस. आन् तिनं न्हाई सोडला. रान जाईल म्हून ठाव असून न्हाई सोडला. त्याच्यावर तू सही करून आलास की ही त्याची बायको न्हवं."

गप्प राहिली म्हणून तर ती बायको होती, आणि तेच गप्प राहणं फास करून तिच्या गळ्याला लावलं होतं. लावणाऱ्यांत मी होतो.

ताप उतरायच्या आत बाई त्या कचेरीत गेल्या. मी मागे. नायब तहसीलदारांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, मातोश्री हायत?"

"आहेत. का?"

"त्यांनी वडलांचं नाव घेतलेलं कवा ऐकलं तुम्ही?"

साहेब जरा हसले. "जुन्या बायका कुठं नाव घेतात, बाई. घेतलं तर उखाण्यात."

"मग पुढच्या तारखेला मानकूबाईला उखाणा घ्यायला लावू का? चांदीच्या ताटात कायतरी?" बाईंनी छत्री टेबलावर आपटली, फायली खाली पडल्या. "तुमच्या आईनं नाव न्हाई घेतलं तर तो मान, आन् हिनं न्हाई घेतलं तर हिला नवराच न्हाई! कोणत्या कायद्यात लिव्हलंय हे? दाखवा, मी बी वाचते." पट्टेवाल्यानं आम्हाला बाहेर काढलं. बाई पायरीवर बसून धापा टाकत होत्या आणि मला म्हणाल्या, "अपील लिव्ह."

उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे त्यांनी अपील चालवलं, ते त्यांचं शेवटचं. हिंदू लग्नाला सप्तपदी लागते, साहेब, असं त्यांनी सुरू केलं, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा माझा ज्युनिअर. ह्याच्या लग्नात मी हजर. पावलं चार पडली. आजवर कुणी म्हणलं न्हाई की ह्याचं लग्न झालं न्हाई. कामून? तर ह्याच्या रीतीवर तुमचा इस्वास हाय. मानकूबाईच्या पंचांनी काडी मोडली, पाट लावला, वीस वर्सं पोडानं तिला त्याच्या चुलीवर बगितलं, तर म्हणता कागद आण. एवढंच सांगा, इस्वास ठेवायला माणूस कोण लागतो तुम्हाला?" तरुण अधिकारी होते. त्यांनी निकाल रद्द करून फेरसुनावणी लावली आणि लिहिलं की, पंचांच्या आणि वस्तीतल्या स्त्रियांच्याही साक्षी घ्याव्यात.

फेरसुनावणीची तारीख यायच्या आत, त्या उन्हाळ्यात, बाई गेल्या. भावांनी नांदेडहून नेऊन गावी अग्नी दिला. आणि तेराव्यानंतर त्या वीस गुंठ्यांना तिघांची नावं लागली. वारस म्हणून. अगदी कायदेशीर, बिनचूक, एकही कागद कमी नाही.

सुनावणीला मी आदल्या दिवशीच पोडावर गेलो. उंबऱ्यावर बसलो. विचारलं. नाईक म्हणाला, बाया कचेरीत यायच्या नाहीत. मी म्हटलं, बाईंनी काय सांगितलं होतं, अर्धा दस्तूर कुठं असतो? नाईकानं मान खाली घातली आणि दोन म्हाताऱ्यांना आमच्याबरोबर पाठवलं. साहेब आता नवे होते. त्यांनीही विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मी उभा राहिलो. "साहेब, त्या नाव घेणार नाहीत. का घेणार नाहीत, ते आधी लिहून घ्या."

मोठी म्हातारी पुढे आली. वाकडीतिकडी मराठी, पण ठसठशीत. "तिनं नाव घेतलं असतं तर आमीच म्हणलो असतो, साहेब, रान पुतण्याला द्या. न्हाई घेतलं. म्हून ती त्याची हाय."

साहेबांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. नोंद मानकूबाईच्या नावानं झाली.

बाहेर झाडाखाली मानकूबाई कितीतरी वेळ इकडेतिकडे बघत होती. मग विचारलं, "बाई न्हाई आली?"

मी सांगितलं.

ती खाली बसली. मग म्हणाली, "आमी बाईच म्हणलो. तिचं नाव काय व्हतं?"

माझ्या ओठांवर नाव आलं होतं. ते बाहेर पडेना. मला वाटलं, बाईंचं माझ्याकडे काहीतरी घालायचं राहिलंय. ते होईपर्यंत मी नाव घेतलं तर मी त्यांचा कुणी राहणार नाही. मी मान हलवली. मानकूबाईनं माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा विचारलं नाही.

बाईंच्या वह्या माझ्याकडे आल्या. भावांना रद्दी नको होती. त्यातच माझ्या लग्नाचं पान सापडलं, आणि त्याच वहीत पुढे लातूरहून येताना एसटीत लिहिलेलं: "अर्धापूर. बहिणीचा हिस्सा घेताना साडी देण्याची रीत. हिरवी, मोरपंखी काठ. भाऊ म्हणतो, ती हसत सही करते." आणि खाली, पेन्सिलीऐवजी शाईत, कधीतरी नंतर लिहिलेली एक ओळ: "बहिणीला विचारायचं राहिलं."

दुसऱ्याच दिवशी मी उमरीला गेलो. ताईनं चहा टाकला, पोरांची चौकशी झाली, केळीचा भाव झाला. मग मी विचारलं, "ताई, त्या दिवशी सही करताना तुझ्या मनात काय होतं?"

ती चुलीकडेच बघत होती. "आता इचारून राहिलास?"

"हाव."

ताई आत गेली आणि ट्रंकेतून साडी घेऊन आली. हिरवी, मोरपंखी काठ. दुकानाच्या घडीतली, वर चिठ्ठी तशीच. एकदाही नेसलेली नव्हती. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली. "ही घिऊन जा," ती म्हणाली. "आन् माझं वावर दे. तुम्ही समदे बसला व्हता तिथं, दादा गाडी चालू ठिवून उभा. मी हसले म्हून तुला वाटलं असंल. मला माहेर पायजे व्हतं, म्हून हसले."

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या हिश्शातलं दे, माझ्यात हात घालू नको. आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. यंदाच्या येळवसेला मी बहुतेक बांधावर बसेन. माझ्या हिश्शातल्या अर्ध्या रानाचं बक्षीसपत्र मी लिहून तयार केलंय, मोजणीची तारीख लागायची आहे. दादाच्या हिश्शातल्याचं काय करायचं, तेही ताईला विचारीन, ती म्हणेल तसं. बाईंच्या त्या ओळीखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, "विचारलं. वावर पाहिजे म्हणते."

ताईच्या नावाचा सातबारा हातात पडला की तो घेऊन मी पोडावर जाणार आहे. मानकूबाईच्या उंबऱ्यावर बसून तिला बाईंचं नाव सांगणार आहे.